अक्का, तुझी वाइन घाण होती

अक्का,

तुझं तेरावं होऊन आठ दिवस झाले. मी लातूरला परत आलेय. तोंडाची चव गेली ती काही आली नाही. घरातले म्हणतात, बहीण गेली, असं व्हायचंच. खरं कारण वेगळं आहे. त्या दिवशी तुझ्या नांदेडच्या घरी जे गोड बोलणं ऐकलं, त्यानं माझी चव गेली. एकेक जण येऊन माझ्यापाशी बसत होता. कुणी म्हणे, मॅडम किती शांत होत्या. तू, आणि शांत! प्रयोगवहीत रेघ वाकडी दिसली म्हणून अख्खी नववी उभी करणारी बाई! कुणी म्हणे, त्यांनी आयुष्यात कुणाला दुखवलं नाही. पलीकडची ती शेजारीण, जिच्याशी तू नळाच्या पाण्यावरून सात वर्षं बोलत नव्हतीस, तीही डोळ्यांना पदर लावून म्हणाली की आम्ही सख्ख्या बहिणींसारख्या राहिलो. सख्खी बहीण मी, तिच्या शेजारीच बसले होते. माझ्या द्रोणातली बुंदीसुद्धा एवढी गोड नव्हती. मी उठून मागच्या मोरीत गेले आणि चूळ भरून आले.

तुला हे खपलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. तू मला पहिल्या दिवशीच बजावलं होतंस, "सुमे, चव सांगताना नातं न्हाई बघायचं."

तो पहिला दिवस आठवतो का? तू शाळेतून निवृत्त झालीस, म्हणून तुझा समीर पुण्याहून वाइनची बाटली घेऊन आला होता. भाऊजी असते तर उंबऱ्यातच अडवली असती. आपण दोघींनी साठीपर्यंत असल्या वस्तूला हात लावला नव्हता. घरात काचेचे उंच ग्लास नव्हते, म्हणून तुझ्या सुनेनं, रूपालीनं, स्टीलच्या पेल्यात ओतली आणि पेला कसा फिरवायचा ते शिकवलं. समीर बाटलीच्या मागचं वाचत होता. पिकलेल्या फळांचा सुगंध, लाकडाचा हलका स्पर्श, आणि काय काय. मी नाक घातलं, एक घोट घेतला आणि म्हणाले, "जुन्या लाकडी कपाटात चिंच ठेवलीय, अन् वरच्या फळीवरची शाई तिच्यावर सांडलीय." समीरचं तोंड एवढंसं झालं. महागातली होती म्हणे. तू मात्र तोंडात पदर कोंबून हसलीस, शाळेतून आणलेली कोरी हजेरीवही काढलीस आणि माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलंस. वर म्हणालीस, "हिला येतंय हे."

अक्का, तुला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी मला रडू येणार होतं. हे नाक मला लहानपणापासून आहे. निलंग्याला आपल्या घरी दूध काढलं की आई आधी माझ्यापुढे धरायची आणि मी सांगायचे, म्हशीनं काय खाल्लंय ते. तिथं त्याचं कौतुक होतं. लग्न होऊन लातूरला आले आणि तेच नाक खोड ठरलं. वरण तळाला लागलंय म्हटलं, तर सासूबाई म्हणायच्या, महाराणीचं नाक बघा. तुपात डालडा आहे म्हटलं, तर हे म्हणायचे, "गप खा की." मी गप खाल्लं. एवढी वर्षं तोंडातल्या तोंडात "शी" म्हणत जेवले. आणि तू ते "शी" तारीख घालून, सुंदर अक्षरात लिहून ठेवत होतीस. माझ्या किळसेला कुणी वहीत जागा दिली, ती फक्त तू.

मग समीर प्रत्येक खेपेला वेगळी बाटली आणायला लागला. त्यातली एकही मला आवडली नाही. पांढरी प्यायले, तर लोणच्याच्या बरणीत कुणीतरी ओला हात घातला होता. गुलाबी म्हणजे तापातल्या पोराला नाक दाबून पाजतात ते औषध. एक बुडबुड्यांची होती. तिला चव अशी नव्हतीच, शिंक येता येता अडली की नाकात जे होतं तेवढंच. एक फार नावाजलेली लाल होती, तिला बंद खोलीत वाळत घातलेल्या सतरंजीचा वास येत होता. तू सगळं लिहीत होतीस आणि स्वतः तीन-तीन घोट घेत होतीस. तुझं म्हणणं, पहिल्या घोटाला जीभ घाबरते, दुसऱ्याला ओळख पटते, तिसऱ्याला ती बोलते. मी म्हणायचे, तिसऱ्यापर्यंत जगलं तर ना. हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. तू म्हणायचीस की किळस म्हणजे जिभेची भीती असते. मी म्हणायचे, घाण ती घाणच. अजूनही म्हणते.

वर्षभरात तुला वाटायला लागलं की हे आपण घरी करू शकतो. रसायनशास्त्र शिकवलेली बाई तू, तुला कोण अडवणार? बेकरीतून खमीर आणलंस, लोणच्याच्या बरण्या धुऊन घेतल्यास, आणि आतली हवा जायला बरणीच्या तोंडावर नातवाच्या वाढदिवसाचे उरलेले फुगे बांधलेस. देवघराच्या मागं ओळीनं बरण्या, आणि त्यांच्यावर डुलणारे लाल-पिवळे फुगे. भिशीच्या बायकांनी विचारलं तर सांगायचीस, "पोटाचा काढा हाय." एकीनं खरंच पोटासाठी मागून नेला आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागायला आली.

द्राक्षाची पहिली. तिला सडक्या अंड्याचा वास येत होता, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेबाहेरून जाताना यायचा तोच. मी तसं म्हटलं तर तू खूश झालीस. काय चुकलं ते तुला वासावरून कळलं होतं. मग निलंग्याहून भावानं उसाचा रस पाठवला, त्याची केलीस. चिपाडाच्या ढिगावर पाऊस पडून ऊन आलं की जी वाफ येते, ती मी त्या दिवशी प्यायले. ती मी तुझ्या तुळशीत ओतली, आणि तुळस आठवड्यात वाळली. तू मला त्यावरून वर्षभर चिडवलंस.

सीताफळावरून मात्र भांडण झालं. जळकोटच्या तुझ्या सासरच्या बांधावरची सीताफळं होती. चाळणीवर गर घासता घासता तुझी बोटं सोलवटली होती. मी घोट घेतला आणि सरळ मोरीत जाऊन थुंकले. आजारी माणसाच्या उशीचा वास होता त्याला. मी तसंच सांगितलं. तू लिहिता लिहिता थांबलीस. "जन्मात माझी एक तरी गोष्ट तुला आवडली का गं?" म्हणालीस. मी म्हणाले, "तूच म्हणलीस ना, नातं न्हाई बघायचं." दोन महिने तू फोन उचलला नाहीस. मीही केला नाही फार. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातल्या आपण दोघी.

अबोला तूच सोडलास. किनवटला आश्रमशाळेत अधीक्षिका असलेल्या तुझ्या जुन्या विद्यार्थिनीनं गाडीनं मोहाची फुलं पाठवली होती. तू फोन केलास आणि एवढंच म्हणालीस, "मोहाची केलीय. ये थुंकायला." मी अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला आले. पहिल्या घोटाला वाटलं, शेळ्यांच्या गोठ्यात कुणी गूळ सांडलाय. दुसऱ्याला गोठा जरा लांब गेला. तिसरा घोट मी गिळला. तू डोळे मोठे करून बघत होतीस. "गिळवतंय," मी म्हणाले. तू वहीत लिहिलंस, "गिळवतंय", आणि त्याखाली दोन रेघा मारल्यास. समीरला फोन करून सांगितलंस, रूपालीला सांगितलंस, किनवटला त्या मुलीलाही कळवलंस. सहा वर्षांत तुझ्या वाइनला मी दिलेली सगळ्यात मोठी पदवी तीच. त्याच्यावर मी कधी गेले नाही.

इथपर्यंत सगळं सांगायला सोपं होतं.

यंदा पावसाळा संपता संपता तुला जेवण जाईना. समीर तुला हैदराबादला घेऊन गेला. परत आल्यावर त्यानं मला बाहेरून फोन केला. काय आहे आणि कुठवर पसरलंय ते सांगितलं. मग म्हणाला, "मावशी, आईला कळू द्यायचं नाही. आतड्याला सूज आहे एवढंच सांगितलंय तिला. आणि प्लीज, तू तोंड सांभाळ." आपल्यात हे सगळीकडे असंच चालतं. घरात कुणाला मोठं दुखणं आलं की आधी फाइल लपते, मग माणसं गोड होतात. मला म्हणायचं होतं की अरे, गल्लीतल्या निम्म्या लोकांचे रिपोर्ट तीच वाचून देते, तिला तू सूज सांगतोस? मी म्हणाले नाही. बरं म्हणाले. नासलेलं दूध मला दारातून कळतं, आणि हे मी गटकन गिळलं. स्वतःची एवढी शिसारी मला आधी कधी आली नव्हती.

तुझ्या घरी आले तर समीर हसत होता. रूपाली हसत होती. भाऊ निलंग्याहून आला होता, तोही, ज्याला कुणी कधी हसताना बघितलं नाही, तो हसत होता. तू पलंगावर बसून सगळ्यांकडे बघत होतीस.

दुपारी चारच्या सुमाराला घरात आपण दोघीच होतो. तू मला कपाटातली बाटली काढायला लावलीस. आषाढात घातलेली जांभळाची, तुझं दुखणं कळायच्या आधीची. तुला स्वतःला घोटभर पाणी जात नव्हतं. मांडीवर वही, हातात पेन, आणि हातातली बांगडी कोपरापर्यंत घसरत होती. मी त्या बांगडीकडेच बघत घोट घेतला.

अक्का, ती वाइन घाण होती. सगळ्या बाटल्यांत सगळ्यात घाण. आधी गंजक्या पिंपातलं पाणी. त्याच्यावर पोरी नखांचा रंग पुसतात त्या औषधाचा भपका, नाकातून थेट डोक्यात जाणारा. मग जांभळाचा तुरटपणा, जीभ टाळूला चिकटवणारा. आणि गिळल्यावर मागं उरतो तो फरशी पुसून बादलीत तसंच ठेवलेल्या फडक्याचा वास.

"कशी हाय?" तू विचारलंस.

"छान झालीय गं," मी म्हणाले. "लई छान."

तू माझ्याकडे बघितलंस. "दुसरा घे."

मी दुसरा घेतला. "अजून छान लागतेय."

"तिसरा."

तिसराही मी तोंड सरळ ठेवून गिळला आणि हसलेसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू वहीत काही लिहिलं नाहीस. पेनाला टोपण लावलंस, वही मिटून बाजूला ठेवलीस.

"असं हाय का," म्हणालीस. मग, "किती दिवस म्हणाला गं डॉक्टर?"

"कशाचे दिवस? सूज हाय. औषध चालू हाय ना."

"हाव," तू म्हणालीस. "सूज."

मी तुला काहीही सांगितलं नव्हतं आणि सगळं सांगून बसले होते. सगळ्यांचं हसणं तू सहन केलं असतंस, कदाचित त्यावर विश्वासही ठेवला असतास. माझ्या "छान"वर कसा ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तू किनवटला फोन करून सांगितलंस की येत्या चैत्रात फुलं पाठवू नको. रूपालीला बसवून कुठली साडी कुणाला ते सांगितलंस. समीर मला अंगणात घेऊन आला. "मावशी, आईला कुणी काही बोललं का?" मी म्हणाले, "मी न्हाई बा." तुझ्या पोराच्या डोळ्यांत बघून म्हणाले. त्याचं त्यानं ठरवून टाकलं की आजारी माणसाला येतात तसे विचार येत असतील. मग तो तुझ्याजवळ बसून पुण्याच्या नव्या घराच्या बाल्कनीबद्दल बोलायला लागला. उन्हाळ्यात तू तिकडे येशील, बाल्कनीत तुझ्या बरण्या ठेवू. आणि तू, बघ कशी बाई, तू म्हणत होतीस, "हाव, मोठी बरणी आण. लहान पुरत न्हाई." रोज तेच बोलणं. मी दाराशी बसून ऐकत होते.

तू मला आणखी एक संधी दिलीस. मी लातूरला निघायच्या आदल्या दिवशी रूपालीनं भाज्यांचं सूप केलं होतं. तू मला म्हणालीस, "आधी तू चाख. मग मला सांग." त्यात मीठ नव्हतं, आणि कोबी जास्त उकडल्याचा वास येत होता. तुला ते माहीतच असणार, तुझ्यासमोर वाटी होती. तुला सूप नको होतं. तुला पाच मिनिटं मी हवी होते, पूर्वीची, तोंड वाकडं करणारी. मी म्हणाले असते की घाण आहे, तर त्यामागून सगळं बोलणं आलं असतं. तू विचारलं असतंस, मी सांगितलं असतं, आपण रडलो असतो, बहुतेक भांडलोही असतो.

मी म्हणाले, "बरं झालंय. पी."

तू भिंतीकडे तोंड केलंस. "तू बी त्यांच्यातलीच झालीस," म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. तू वर्गात ओरडायचीस ते मी ऐकलंय, त्याची मला कधी भीती वाटली नाही. त्या दिवशी वाटली. सकाळी मी बसची घाई सांगून निघाले, गुरुवारी येते म्हणाले. बुधवारी फोन आला.

आता तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाचं. पाहुणे गेले होते. समीर, रूपाली आणि मी देवघराच्या मागच्या बरण्या आवरत होतो. जांभळाची एक बाटली उरली होती. समीर म्हणाला, आईची आठवण म्हणून एकेक घोट घेऊ. त्यानं घेतला, डोळे भरून आले. "आईच्या हातची चव," म्हणाला. रूपालीनं घेतला आणि तीही हो हो म्हणाली. घशाखाली उतरताना तिच्या मानेची शीर ताणली होती ती मी बघितली. मग पेला माझ्याकडे आला.

"घाण हाय," मी म्हणाले.

"मावशी, आजच्या दिवशी तरी," रूपाली म्हणाली.

"आजच बोलायला पाहिजे. त्या दिवशी बोलले न्हाई म्हणून तुझी सासू ओळखून बसली." आणि मग मी सगळं सांगितलं. तीन घोट, मिटलेली वही, तू विचारलेलं, मी लपवलेलं, अंगणात मारलेली थाप, सूप. काही ठेवलं नाही.

समीर खाली फरशीवर बसला. "म्हणजे आईला माहीत होतं? मी बाल्कनीचं बोलत होतो, तेव्हाही?"

"हाव."

"मग मला का नाही म्हणाली?"

अक्का, गोड उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तुझ्यावर तिचा लई जीव होता म्हणून, असं. ते खोटंही नव्हतं. पण त्याला तो बुंदीचा वास येत होता. मी म्हणाले, "तुला ऐकायचं न्हवतं, समीर. तुला सोपं जावं म्हणून ती तुझ्या होला हो करत राहिली. अन् मला सांगायचं न्हवतं, मी बी भ्याले. दोघांनी मिळून तिला एकटं पाडलं आपण."

तो उठून वर गेला. रूपाली म्हणाली, हे सांगितलं नसतंत तर काय बिघडलं असतं? मी पेला मोरीत नेऊन धुतला. दुसऱ्या दिवशी समीरनं मला स्टँडवर सोडलं. पिशवी बसमध्ये ठेवली, पाया पडला आणि गेला. आज सहा दिवस झाले, फोन नाही. त्याला राग आलाय, येऊ दे. आला फोन तरी मी माफी मागणार नाही. तुझ्याशी खोटं बोलून झालं, तुझ्या पोराशी आता खोटं बोलवत नाही.

तुझं मला हसू येतं, राग येतो. मध्येच, जेवताना, वरणाचा वास घेऊन मी काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि लिहून घ्यायला कुणी नाही हे कळतं, तेव्हा घास खाली ठेवावा लागतो. तू मला सहा वर्षं खरं बोलू दिलंस, आणि मी मोक्याच्या वेळी बोलले नाही. याला काही औषध नाही.

तू विचारलं होतंस ते मात्र मी सांगायचं राहिलंय. डॉक्टरांनी महिना सांगितला होता, अक्का. तुला सतरा दिवस मिळाले.